सीमेपलीकडच्या कारभारणी

सारा गार्सिया नावाची एक मेक्सिकन नटी ऐन चाळिशीच्या आसपासच म्हाताऱ्या बायकांच्या भूमिका करू लागली. आजी अस्सल दिसावी म्हणून तिने स्वतःचे दात काढून घेतले, असं तिच्याबद्दल आजही सांगतात. कृष्णधवल चित्रपटांच्या जमान्यात ती साऱ्या देशाची आजी झाली आणि पुढे चॉकलेटच्या एका पिवळ्या खोक्यावर तिचा हसरा, चष्मेवाला चेहरा कायमचा जाऊन बसला. आत दालचिनीच्या वासाच्या जाड गोल वड्या असतात. त्या दुधात उकळायच्या, लाकडी रवीने घुसळून फेस आणायचा आणि प्यायचं. खोक्यावरचं नाव 'आब्वेलीता', म्हणजे आजीबाई. लॉस एंजेलिस असो की शिकागो, मेक्सिकन वस्तीतल्या किराणा दुकानात हे खोकं हमखास दिसतं.

चॉकलेटबद्दल माझी काही तक्रार नाही, चेहऱ्याबद्दल आहे. पांढरे केस, खांद्यावर शाल, हातात जपमाळ, चुलीवर काहीतरी रटरटतंय आणि तोंडातून कुणाबद्दल वावगा शब्द नाही, अशी ही आजी. चित्रपटांनी आणि मालिकांनी ती इतकी वापरली आहे की 'भाबडी', 'भोळी', 'सोशिक' ही विशेषणं तिला न लावताच चिकटतात. आपल्या साहित्यातल्या आज्यांचंही आपण फार वेगळं केलेलं नाही. मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्या ज्या बायकांविषयी हे पुस्तक आहे त्या भाबड्या नव्हत्या. भाविक होत्या, आणि ती गोष्ट निराळी. गाव सुटलं, भाषा सुटली, फादर एकतर नव्हते, किंवा होते ते कोसांवर होते, आणि जवळ होते तेव्हा त्यांना स्पॅनिश येत नव्हतं. अशा वेळी बाप्तिस्म्याच्या तयारीपासून मर्तिकाच्या नवव्या रात्रीपर्यंतचा सगळा कारभार घरातल्या म्हातारीने हातात घेतला. ख्रिस्तसभेने तिला नेमलेलं नव्हतं, त्यामुळे काढून टाकण्याचाही प्रश्न नव्हता. या पानांत तिची ओळख करून द्यायची आहे ती अशी, कारभारीण म्हणून.

ती देश सोडून निघाली त्याचं कारण नुसतं 'गरिबी' म्हणून भागत नाही. १९१० ला क्रांती सुरू झाली आणि पुढची दहा वर्षं देश धुमसत राहिला. १९१७ च्या राज्यघटनेने ख्रिस्तसभेच्या मालमत्तेवर आणि अधिकारांवर कडक निर्बंध घातले. राष्ट्राध्यक्ष प्लुतार्को एलियास कायेस यांनी त्यांना फौजदारी शिक्षांची जोड देणारा कायदा केला. तो कायदा ३१ जुलै १९२६ ला अमलात आला आणि बिशपांनी देशभरातली जाहीर उपासना थांबवली. हालिस्को, ग्वानाख्वातो, मिचोआकान या पश्चिम-मध्य भागातल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. क्रिस्तेरो युद्ध म्हणून ओळखला जाणारा तो संघर्ष जून १९२९ पर्यंत चालला.

त्या तीन वर्षांत धर्म टिकला तो घरांमध्ये. फादर शेतमजुराच्या नाहीतर फेरीवाल्याच्या वेषात गावात यायचे, कुणाच्या तरी मागच्या खोलीत पहाटे मिस्सा व्हायची, दारात एक पोर पहाऱ्याला असायचं. कुठल्या घरी, किती वाजता, कुणाला सांगायचं आणि कुणाला मुळीच सांगायचं नाही, हे ठरवायच्या बायका. सांता हुआना दे आर्को, म्हणजे संत जोन ऑफ आर्क, यांच्या नावाने तरुण मुलींची पथकं निघाली होती. त्या कपड्यांच्या आत शिवलेल्या कप्प्यांतून बंडखोरांना काडतुसं पोचवायच्या. यातल्या कित्येक जणी पुढे उत्तरेला गेल्या आणि आज्या झाल्या. नातवंडांना दिसली ती जपमाळ ओढणारी म्हातारी. सरकारच्या नाकावर टिच्चून चर्च चालवण्याचा अनुभव तिच्या गाठीशी आहे, हे त्यांना ठाऊक असेलच असं नाही. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये ग्वादालूपेच्या मातेची, म्हणजे मेक्सिकोच्या मरियामातेची, जी मिरवणूक दर डिसेंबरात निघते, ती १९३१ मध्ये सुरू केली ती या युद्धातून पळून आलेल्या माणसांनीच. त्या शहरातली ही सर्वांत जुनी धार्मिक मिरवणूक मानली जाते.

अमेरिकेतलं स्वागत यथातथाच होतं. तिथली कॅथलिक ख्रिस्तसभा तेव्हा आयरिश आणि जर्मन वळणाची. अनेक गावांत मेक्सिकनांना मागच्या बाकांवर बसावं लागे, कुठे त्यांची मिस्सा तळघरात होई. त्यात मंदी आली. १९३० च्या दशकात लाखो मेक्सिकनांना आगगाड्यांत बसवून परत धाडण्यात आलं. त्यांतले कितीतरी जन्माने अमेरिकन नागरिक होते. कॅलिफोर्निया राज्याने त्याबद्दल माफीचा कायदा केला तो २००५ मध्ये. आणि ज्यांना हाकललं त्यांनाच, किंवा त्यांच्या भावाबंदांना, १९४२ मध्ये महायुद्धामुळे मजूर कमी पडताच परत बोलावणं गेलं. 'ब्रासेरो' नावाची ती कंत्राटी योजना १९६४ पर्यंत चालली आणि तीत पंचेचाळीस लाखांच्या आसपास करार झाले. करार पुरुषांचे. बायका मागे राहिल्या. शेत, सासू, पोरं आणि नवऱ्याच्या पत्राची वाट, सगळं सांभाळत. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी उत्तरेला पोचल्या त्या पुढे, कुणी साठच्या दशकात, कुणी १९८६ च्या कायद्याने सत्तावीस लाख लोकांना कागदपत्रं मिळाल्यानंतर. तोवर त्या आज्याच झालेल्या होत्या.

हा इतिहास पुस्तकात पुढे सविस्तर आहे, म्हणून इथे पळत सांगितला. थोडं थांबायचं आहे ते एका म्हातारीपाशी. ती मात्र उत्तरेला आली ती या सगळ्याच्या आधी.

अॅरिझोनात यूमा शहराजवळ हीला नदीच्या खोऱ्यात एक शेत होतं. चिवावा प्रांतातल्या जमीनदारीतून निसटून आलेल्या सेसारियो चावेसने ते उभं केलं. त्याची बायको दोरोतेआ. घरात तिला सगळे 'मामा तेया' म्हणत. ती लहानपणी मठात वाढली होती, तिथे वाचायला शिकली होती, स्पॅनिश तर येतच होतं आणि लॅटिनही. त्या काळातल्या मेक्सिकन शेतकरी कुटुंबात ही नवलाचीच गोष्ट. म्हातारपणी तिची नजर जवळजवळ गेली. संध्याकाळी नातवंडं तिच्या खाटेभोवती गोळा व्हायची, ती रोजरी सांगायची आणि रोजरीनंतर एखाद्या संताची गोष्ट. आसपास चर्च नव्हतं की धर्मशिक्षणाचा वर्ग नव्हता. पुस्तकही लागलं नाही, कारण दिसत नसलं तरी तिला सगळं पाठ होतं.

नातवंडं प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वयाची झाली तेव्हा त्यांची आई हुआना त्यांना घेऊन यूमाला गेली. मुलांनी वर्गात बसून शिक्षण घेतलेलं नाही, तेव्हा ख्रिस्तप्रसाद देता येणार नाही, असं तिथल्या फादरनी सांगितलं. हुआना म्हणाली, विचारून तर बघा. फादरनी धर्मबोधातले नेहमीचे प्रश्न घातले आणि पोरांनी धडाधड उत्तरं दिली. मग अडवायला कारण उरलं नाही. त्या मुलांपैकी एक सेसार चावेस, जन्म १९२७, पुढे अमेरिकेतल्या शेतमजुरांच्या चळवळीचा पुढारी झाला आणि हा प्रसंग त्यानेच सांगून ठेवला आहे.

सून हुआना स्वतः निरक्षर, पण तिचीही तऱ्हा सासूसारखीच. गरिबांची वाली मानल्या जाणाऱ्या संत एदुविखेसवर तिची भक्ती. ऑक्टोबरात त्या संतिणीच्या सणाला ती पोरांना रस्त्यावर पिटाळायची: जा, कुणी भुकेला दिसला तर घेऊन या. मंदीचे दिवस होते, रेल्वेमार्गाच्या कडेने भटकणारे बेकार लोक पोरांना सहज सापडत. त्यांना घरी आणून जेवू घालायचं, आणि बदल्यात काम सांगायचं नाही, हा तिचा दंडक. पुढे याच कुटुंबाचं शेत कराच्या थकबाकीत गेलं आणि सगळे कॅलिफोर्नियात दुसऱ्यांच्या शेतात राबू लागले. १९६६ मध्ये द्राक्षमजुरांनी डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत पायी मोर्चा काढला, त्याच्या अग्रभागी ग्वादालूपेच्या मातेचा झेंडा होता. त्याला त्यांनी मोर्चा न म्हणता यात्रा म्हटलं आणि ती संपवली ईस्टरच्या रविवारी. चावेसच्या बोलण्यात गांधीजींचं नाव वारंवार येई, त्यामुळे भारतीय लेखक अहिंसेचा धागा लगेच साबरमतीपर्यंत नेतात. त्याने स्वतः मात्र आईचं नावही घेतलं आहे. त्या पुढाऱ्याचं आणि त्याच्या संघटनेचं मूल्यमापन हा या पुस्तकाचा विषय नाही. पण आंधळ्या म्हातारीच्या खाटेवरून सुरू झालेला वर्ग रस्त्यावर येऊन पोचला, एवढं नोंदवणं भाग आहे.

आता ग्वादालूपेच्या त्या मातेविषयी, कारण तिच्याशिवाय या पुस्तकाचं एक पान पुढे जात नाही. कथा अशी की डिसेंबर १५३१ मध्ये मेक्सिको शहराजवळच्या तेपेयाक टेकडीवर हुआन दिएगो या नावात्ल बोलणाऱ्या स्थानिक माणसाला मरियामातेने दर्शन दिलं, त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलली आणि त्याच्या अंगरख्यावर आपली सावळी प्रतिमा ठेवून गेली. या कथेचा नावात्ल मजकूर छापला गेला १६४९ मध्ये, म्हणजे शतकाहून अधिक काळानंतर, आणि इतिहासकारांचे वाद तिथून सुरू होतात. ते वाद वाचण्यासारखे आहेत, पण आजीच्या घरात त्यांना प्रवेश नाही. २००२ मध्ये पोपनी हुआन दिएगोला संतपद दिलं तेव्हा कित्येक आज्यांना प्रश्न पडला असेल तो इतकाच, की इतका उशीर का. एक योगायोग सांगण्याजोगा आहे. १८४८ च्या ज्या तहाने मेक्सिकोचा जवळपास निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला, त्यावर सह्या झाल्या ग्वादालूपे हिदाल्गो गावात, याच मातेच्या चर्चपाशी.

घरातली तिची जागा म्हणजे कपाटाच्या डोक्यावरची किंवा कोपऱ्यातली एक फळी. मधोमध मातेची तसबीर, पुढे काचेच्या उंच पेल्यातली मेणबत्ती, झावळ्यांच्या रविवारची वाळलेली पात, सैन्यात गेलेल्या मुलाचा गणवेशातला फोटो, नातीचा शाळेतला फोटो, कुणाच्या तरी इस्पितळातल्या मनगटावरची पट्टी, आणि तसबिरीच्या मागे खोचलेली सरकारी कागदपत्रं. घरातल्या प्रत्येक अडचणीची वस्तू आधी या फळीवर येते. मागणं पुरं होईना तर संत अंतोनीला उलटा टांगून ठेवायची रीतही आहे. काम झालं की सुलटा. याला भाबडेपणा कसं म्हणायचं? हा तर वसुलीचा तगादा झाला.

नवस फेडण्याची त्यांची पद्धत तर आपल्याला चटकन कळावी अशी. पत्र्याच्या लहानशा तुकड्यावर संकटाचा प्रसंग रंगवून घ्यायचा, खाली चार ओळींत मजकूर लिहायचा आणि तो चर्चमध्ये नेऊन लावायचा. होर्खे दुरांद आणि डग्लस मॅसी या अभ्यासकांनी स्थलांतरितांच्या अशा पत्र्यांवर १९९५ मध्ये एक आख्खा ग्रंथ केला. नदी ओलांडताना बुडता बुडता वाचलेला, वाळवंटात वाट चुकलेला, तुरुंगातून सुटलेला, परक्या शहरात शस्त्रक्रिया झालेली, सगळे त्या पत्र्यांवर आहेत. सरकारी दफ्तरात ज्या प्रवासाची नोंद नाही त्याची नोंद इथे, रंगांत. आणि नवस बोलणारं माणूस प्रवास करणारंच असतं असं नाही. कित्येकदा ती घरी राहिलेली आई किंवा आजी असते.

संतांच्या बाबतीत या बायका मोठ्या व्यवहारी. हालिस्कोमधले फादर तोरिबियो रोमो १९२८ मध्ये सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले आणि २००० मध्ये संत झाले. आज सीमा ओलांडणारे त्यांना आपला पाठीराखा मानतात. वाळवंटात एका तरुण फादरने पाणी दिलं, वाट दाखवली, अशा कथा गावोगाव आहेत. गंमत अशी की फादर हयात असताना उत्तरेला जाण्याच्या विरोधात होते. त्यांनी त्या ओढीची टिंगल करणारी एक नाटिकाच लिहिली होती. आजीला यात काही विसंगती वाटत नाही. जिवंतपणी मत काही का असेना, संत झाल्यावर कामाला यायला हवं.

संतांना असं कामाला लावणाऱ्या या घरांनी वेळ आली तेव्हा पदरचे पैसेही मोजले. टेक्सासात सीमेलगतच्या सान हुआन गावी सान हुआन दे लोस लागोसच्या मातेचं तीर्थस्थान आहे. २३ ऑक्टोबर १९७० ला एका वैमानिकाने आपलं छोटं विमान थेट त्या चर्चवर घातलं. आत पन्नासेक फादर मिस्सा करत होते, शेजारच्या उपाहारगृहात शाळेची पोरं होती. इमारत जळाली, वैमानिक मेला, बाकी कुणी दगावलं नाही आणि मूर्ती आगीतून बाहेर काढता आली. नवं चर्च १९८० मध्ये उभं राहिलं. ते कुणा धनिकाच्या एकरकमी देणगीवर नाही, तर मुख्यतः शेतमजूर कुटुंबांच्या चिल्लर देणग्यांवर.

स्वयंपाकघराचं प्रकरण पुस्तकात सर्वांत लांबलं आहे आणि मला ते योग्य वाटतं. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून साल काढायची आणि वाटायचे. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं; ही रीत न उचलता नुसता मका उचलणाऱ्या युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. वाटण्याचं काम दगडी पाट्यावर, गुडघ्यांवर बसून, पहाटे तीन-चारपासून, रोज. नाताळात तमाले करायचे तेव्हा घरातल्या सगळ्या बायका ओळीने बसतात. कणसाची भिजवलेली सालपटं, त्यांवर पिठाचा थर, मध्ये मिरचीतलं मांस, घडी, बांधणी. पीठ डुकराच्या चरबीत फेटून झालं की म्हातारी त्याची एक बारीक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकते. तरंगली तर ठीक. बुडाली तर सगळ्यांनी पुन्हा फेटायचं. तिथे कुणाची पदवी किंवा पगार विचारला जात नाही. घरातली भांडणं मिटतात ती याच बैठकीत, आणि काही नवी सुरूही होतात. मक्याच्या या संसारात एक मराठी माणूसही येऊन गेला. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी १९२० च्या दशकापासून मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या.

मरणाच्या वेळी तर म्हातारीचा अधिकार निर्विवाद. दफनानंतर नऊ रात्री रोजरी. फादर येवोत न येवोत, म्होरकेपण तिच्याकडे किंवा तिच्यासारख्याच शेजारणीकडे. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांची वेदी मांडायची तीही तिनेच, आणि वेदीवर वाहायचं फूल झेंडूचं. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथून समुद्रमार्गे येऊन ते आपल्या दसऱ्याच्या तोरणात शिरलं.

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगायलाच हवी, आणि पुस्तकात ती दडवलेली नाही याचा मला आनंद आहे. याच म्हातारीने लेकीला दारुड्या नवऱ्याकडे परत पाठवलं. मुलग्याला आयतं ताट आणि मुलीला भांडी, हा न्यायही तिचाच. सहन करण्यात पुण्य आहे असं तिने शिकवलं, आणि मळ्याच्या मालकाला ते बरंच झालं. हाताशी धर्माखेरीज दुसरं साधन नसताना माणूस धर्मातून सगळंच काढू पाहतो, अन्यायाचं समर्थनसुद्धा. तिच्या नातींनी त्यावर बोट ठेवलं आणि ठेवायलाच हवं होतं.

त्यांतल्या बऱ्याच जणी आता चर्चला जात नाहीत. प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या लॅटिनो प्रौढांमध्ये स्वतःला कॅथलिक म्हणवणारे २०१० मध्ये ६७ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४३ टक्क्यांवर आले. कुणी दुसऱ्या पंथात गेलं, पुष्कळांनी धर्मच सोडला. तरी बाहेर निघताना आजीने कपाळावर अंगठ्याने क्रूस काढावा, ही अपेक्षा त्यांतल्या अनेकांची सुटलेली नाही. याला श्रद्धा म्हणावं की नुसती सवय, यावर धर्मशास्त्री वाद घालतात. सान आंतोनियोचे फादर व्हर्जिलियो एलिझोंडो यांच्यासारख्या लॅटिनो धर्मचिंतकांनी मात्र लोकांच्या अशा घरगुती रीतींनाच धर्मशास्त्राचा पाया मानलं.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे, निदान वसईकरांना तरी तो वाटू नये. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आलं, त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते आणि मेक्सिको शहरात जन्मलेले फेलिपे दे हेसूसही. दोघेही फ्रान्सिस्कन, दोघांनाही १८६२ मध्ये एकाच दिवशी संतपद मिळालं. एक भारताचे पहिले संत, दुसरे मेक्सिकोचे.

वाचकांना दोन सूचना. स्पॅनिश नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, त्यामुळे नकाशात शोधताना थोडी खटपट पडेल. आणि प्रकरणं क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. इतिहासाचा कंटाळा असेल त्यांनी स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी, पण नातींचं प्रकरण वगळून पुस्तक मिटू नये; आजीची बाजू घेऊन मी इथे जे काही लिहिलं आहे, त्याला उत्तर तिथे आहे.